वर कशाला?

ठाण्याला डब्यात आणखी दहाबारा बायका घुसल्या आणि माझा डावा हात वरच्या कडीत अडकला तो अडकलाच. उजव्या हातात मोबाईल, त्यावर २०४८ हा खेळ. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते: चार बाय चारची पाटी आणि तिच्यावर आकड्यांच्या चौकोनी वड्या. बोटाने ढकलाल त्या दिशेला सगळ्या वड्या सरकतात. सारख्या आकड्याच्या दोन एकमेकींना भिडल्या की त्यांची एकच होते, दुप्पट आकड्याची. दोन-दोन चार, चार-चार आठ, असं चढत २०४८ गाठायचं. प्रत्येक चालीनंतर एका रिकाम्या घरात नवी वडी येऊन बसते, बहुतेकदा दोनची, दहातून एखाद्या वेळी चारची. सरकायला जागा उरली नाही की डाव खलास.

माझी ५१२ ची वडी खाली उजव्या कोपऱ्यात ऐसपैस बसली होती. तिच्या शेजारी २५६, मग १२८, मग ६४. हा खेळ खेळणाऱ्या कुणालाही विचारा, तो हेच सांगेल की मोठी वडी कोपऱ्यात ठेवायची आणि काही झालं तरी वर ढकलायचं नाही. डावीकडे, उजवीकडे, खाली. वर नाही. घाटकोपरच्या अलीकडे गाडीने गचका दिला, माझा अंगठा घाईत होता, आणि मी वर ढकललं. ५१२ जागची हलली. तिच्या रिकाम्या कोपऱ्यात, अगदी ठरवून आल्यासारखी, दोनची एक फुटकळ वडी येऊन बसली.

“अगं, वर कशाला?”

मागे वळून पाहिलं. एक मावशी होत्या. हातात स्तोत्रांचं चोपडं, पान हरवू नये म्हणून त्यात अंगठा घातलेला. ठाण्यापासून त्या माझ्या खांद्यावरून बघत होत्या, हे तेव्हा कळलं. मी म्हटलं, “चुकून गेलं हो.”

“चुकून नाही, घाईने,” मावशी म्हणाल्या. “डावीकडे होती की जागा.” आणि पुन्हा चोपड्यात तोंड घातलं.

डाव वीसेक चालींत मेला. मी लगेच नवा मांडला.

त्या दोन वाक्यांत मावशींनी अख्खं मर्म सांगितलं असं मला नंतर वाटत राहिलं. असल्या खेळांना गोष्ट नसते, राजकन्या सोडवायची नसते, नियम कुणी समजावून द्यावे लागत नाहीत. असतं एवढंच, की हरल्यावर का हरलो ते लख्ख दिसतं. ऑफिसात माझी एखादी फाईल परत येते तेव्हा नेमकं कुठे चुकलं ते तीन दिवस कळत नाही, कधी कधी कधीच कळत नाही. इथे गुन्हा, गुन्हेगार आणि पंचनामा एकाच पाटीवर. त्यात सुधारायची संधी दुसऱ्या सेकंदाला समोर हजर. मग डाव पुन्हा का मांडणार नाही माणूस?

हा खेळ २०१४ च्या मार्चमध्ये गाब्रिएले चिरुल्ली नावाच्या एकोणीस वर्षांच्या इटालियन मुलाने एका वीकएन्डमध्ये लिहिला आणि फुकट सोडून दिला. माझे त्यानंतरचे किती वीकएन्ड त्यात गेले याचा हिशेब मी ठेवलेला नाही, ठेवणारही नाही.

पण माझं पहिलं प्रेम सापच, जुन्या नोकिया फोनमधला, घास गिळेल तसा लांब होत जाणारा. आमच्या कराडच्या घरी बाबांनी नोकिया ११०० घेतला तो टॉर्चसाठी. लोडशेडिंगचे दिवस होते, संध्याकाळचे चार चार तास अंधार. सुरुवातीला टॉर्चच्या उजेडात आई पोळ्या लाटायची. मग बाबांना फोनमधला साप सापडला आणि आईला पुन्हा कंदील काढावा लागला. अंधारात बाबांची हनुवटी आणि चष्म्याच्या काचा तेवढ्या हिरवट दिसायच्या, आणि रबरी कीपॅडचा बारीक दबका आवाज. दोन म्हणजे वर, आठ म्हणजे खाली, चार डावीकडे, सहा उजवीकडे. बाबा शेत नांगरल्यासारखा साप ओळीओळीने फिरवायचे, मधल्या रिकाम्या रानात कधी घुसायचे नाहीत. मी अधीर, समोर दिसलेला घास सरळ गाठायला जायची आणि स्वतःच्याच शेपटीवर आदळायची.

सापाची खरी गंमत त्या शेपटीत आहे. त्यात शत्रूच नाही. जे मिळवलं तेच वाढतं आणि वाढलेलंच आडवं येतं. नोकियातला इंजिनीअर तानेली आर्मांतो याने तो ६११० या फोनसाठी बसवला आणि १९९७ मध्ये तो लोकांच्या हातात आला. एवढ्याशा पडद्यावर काळ्या ठिपक्यांचा हा साप पुढे कितीतरी रंगीत, थ्रीडी, ढणढण संगीतवाल्या खेळांना पुरून उरला. २०४८ मध्येही तेच आहे. पाटी भरते ती आपणच न जुळवलेल्या वड्यांनी. वरून पडणारे ठोकळे खाच न सोडता रचायच्या टेट्रिसमध्ये डोक्यापर्यंत येतो तो आपल्याच जुन्या चुकांचा ढीग. वरून पडणाऱ्या ठोकळ्याला दोष देता येतो, नाही असं नाही, पण ती खाच आपणच सोडलेली असते.

म्हणूनच की काय, लुडो मला धरून ठेवत नाही. लॉकडाऊनमध्ये आम्ही भावंडं रोज रात्री फोनवर लुडो खेळायचो. एक नाशिकला, एक पुण्यात, एक दुबईत. मजा यायची, पण ती भांडणाची. तिथे हरलं की फाशाला शिव्या घालून मोकळं होता येतं. एकट्याने लुडो खेळावासा मला आजवर वाटलेला नाही.

दुसरं टोक म्हणजे तो फ्लॅपी बर्ड. हनोईच्या डाँग न्गुयेनने केलेला, २०१३ चा. टिचकी मारली की पक्षी वर, नाहीतर खाली, आणि मध्ये पाईप. माझा पक्षी तिसऱ्या पाईपच्या पुढे गेला तर मी शेजारच्यांना सांगायची. लोक त्यात फार गुंतत चालले म्हणून त्याने २०१४ च्या फेब्रुवारीत स्वतःच तो काढून घेतला. चालतं दुकान बंद करणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिला नाही.

हल्लीच्या पुष्कळ खेळांत पाच जीव देतात. ते संपले की अर्धा तास थांबा नाहीतर पैसे भरा. तिथे माझं मन उडतं. हरणं फुकट असलं पाहिजे हो! आजी आम्हाला सागरगोटे शिकवायची. आधी एकेक उचलायचा, मग दोन दोन, मग तीन, मग सगळे एकदम. हातून निसटला की डाव दुसरीकडे. फार तर पाच मिनिटांनी तो फिरून आपल्याकडे यायचा, आणि तेवढ्या वेळात मनगट नेमकं कुठे वाकडं गेलं ते कळून चुकलेलं असायचं.

गेल्या दिवाळीत बाबांच्या नव्या फोनवर मी सापाचा गेम टाकून दिला. बोटाने सरकवायचा, चकचकीत हिरवा, डोळेबिळे असलेला. बाबांनी दोनदा खेळून फोन खाली ठेवला. “याला बटणं कुठायत?” मग कपाटाच्या खणात ११०० सापडला, जाड पिनचा चार्जरही सापडला. दोन तास चार्जिंगला लावल्यावर कसाबसा सुरू झाला. टॉप स्कोअर शाबूत होता. तो माझा की त्यांचा यावर आमचं पाऊण तास वाजलं. बाबा म्हणे, “इतक्या खालच्या लेव्हलला मी खेळतच नव्हतो.” आई म्हणे, “दोघंही गप बसा.”

शेवटी बाबांनी चष्मा पुसला आणि खेळायला घेतलं. नांगरट तीच, ओळीओळीने. अंगठा तेवढा आता थोडा थरथरतो. साप बराच लांबला, मग एका कोपऱ्यात भलतंच बटण दाबलं गेलं.

“वर कशाला वळवला मी,” ते स्वतःशीच म्हणाले. फोन मागायला मी हात पुढे केला होता, पण त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.