टोपोलॉजीचे पेपर, आडनावांचा क्रम आणि प्रोफेसरपदाची फाईल : माझा अनुभव

गणिताच्या पेपरवर नावं आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षराप्रमाणे लागतात. कुणी किती काम केलं याच्याशी त्या क्रमाचा काडीचा संबंध नसतो. एवढी साधी गोष्ट छाननीत पटवून देण्यातच माझ्या फाईलचा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. नाशिकच्या कॉलेजांत शिकवता शिकवता टोपोलॉजीत (आकारांच्या गणितात) संशोधन करणाऱ्या आणि आता असोसिएट प्रोफेसरवरून कॅसखाली (करिअर अॅडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे बढतीची योजना) प्रोफेसर होऊ पाहणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

अटी थोडक्यात. १८ जुलै २०१८ ची यूजीसी नियमावली आपल्या राज्यात ८ मार्च २०१९ च्या शासन निर्णयाने लागू झाली. कॉलेजातल्या शिक्षकाला वेतनस्तर १३ए (असोसिएट प्रोफेसर) वरून १४ (प्रोफेसर) वर जायला तीन वर्षांची सेवा, पीएचडी, किमान १० पेपर (त्यातले ३ मूल्यांकनाच्या काळातले) आणि ११० रिसर्च स्कोर लागतो. सेवापुस्तक, गोपनीय अहवाल, आयक्यूएसीची (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाची) सही हे सगळं कॉलेजातच होतं. त्यात काही अडत नाही.

अडतं ते गुणांच्या तक्त्यात. विज्ञान शाखेत एका पेपरला मूळ ८ गुण. नियतकालिकाला इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा) नसेल तर ५, एकच्या आत असेल तर १०, एक ते दोनमध्ये १५ अशी वाढ. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला एकूण गुणांच्या ७० टक्के. दोनाहून जास्त असतील तर पहिल्या, मुख्य किंवा कॉरस्पॉन्डिंग (नियतकालिकाशी पत्रव्यवहार करणाऱ्या) लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३० टक्के.

आता हिशेब बघा. इम्पॅक्ट फॅक्टर एकच्या आत असलेला, तीन लेखकांचा पेपर घ्या. मी मूळ ८ आणि वाढीचे १० असे १८ धरले. ज्याचं आडनाव ए किंवा बीने सुरू होतं त्याला १२.६. ज्याचं डब्ल्यूने, त्याला ५.४. प्रमेय तिघांनी एकाच फळ्यासमोर बसून सिद्ध केलेलं असतं. नुसत्या पेपरांवर ११० गाठायचे तर पहिल्याला ९ पेपर पुरतात, तिसऱ्याला २१ लागतात. रसायनशास्त्रात पहिलं नाव प्रयोग करणाऱ्याचं असतं, तिथे हा नियम समजू शकतो. तोच तक्ता गणिताला जसाच्या तसा लावणं हा अन्याय आहे आणि तो दरवेळी स्पष्ट शब्दांत सांगितला पाहिजे.

मी आधी तत्त्वाचा मुद्दा मांडला: गणितात सगळेच मुख्य लेखक असतात. सोबत अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचं २००४ चं निवेदन जोडलं. गणितात संयुक्त कामाचे वाटे करता येत नाहीत आणि नावं वर्णानुक्रमे देण्याची परंपरा आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. टेबलावरून उत्तर आलं की तक्त्यात ‘गणित’ असा वेगळा रकाना नाही. फाईल त्रुटीच्या शेऱ्यासह परत. त्रुटी दुरुस्त करून पाठवली की ती पुन्हा रांगेच्या शेवटी जाते, आणि प्रत्यक्ष विचारायचं तर सिन्नर-संगमनेर रस्त्याने पुणे गाठायचं. निवेदन तरीही जोडाच. तज्ज्ञ सदस्य गणिताचे असतात, त्यांच्यासमोर ते कामी येतं. छाननीचं टेबल मात्र त्याने हलत नाही.

हलतं ते कॉरस्पॉन्डिंग लेखकाच्या पुराव्याने. काही नियतकालिकं नावावर चांदणी छापून तो दाखवतात. पण बरीच गणिती नियतकालिकं शेवटी सगळ्यांचे पत्ते आणि ईमेल देऊन मोकळी होतात. तिथे पेपर पाहून काहीच कळत नाही. अशा वेळी सबमिशनची पोच आणि स्वीकृतीची ईमेल ज्याच्या नावे आली, तो पुरावा. या ईमेल पुसू नका. कॉलेजचा पत्ता बदलला, जुना मेलबॉक्स बंद झाला की त्या मिळणं कठीण.

ईमेल नसेल तर सहलेखकांचं पत्र. प्रत्येक पेपरला स्वतंत्र: शीर्षक, नियतकालिक, खंड, पानं, डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक), सगळ्यांची नावं, या पेपरचा मुख्य लेखक कोण ते एका वाक्यात, सर्वांच्या सह्या आणि तारीख. एका पेपरवर ७० टक्के एकानेच घ्यायचे. दोघांनी घेतले आणि दोन्ही फाईली एकाच तज्ज्ञासमोर आल्या तर दोघांचीही पत जाते. हे पेपर पाठवतानाच ठरवा. सहलेखक परदेशी गेला की सहीसाठी थांबावं लागतं. आणि गुणांसाठी तिसऱ्याचं नाव गाळायचा विचारही करू नका. ज्याने लेमा (प्रमेयाला लागणारं छोटं साहाय्यक विधान) दिला त्याचं नाव पेपरवर असलंच पाहिजे.

इम्पॅक्ट फॅक्टरचंही सांगते. तक्त्यात ‘थॉमसन रॉयटर्सच्या यादीप्रमाणे’ असं लिहिलं आहे. त्या कंपनीचा हा यादी काढणारा विभाग २०१६ मध्येच विकला गेला आणि यादी आता क्लॅरिव्हेटच्या नावाने निघते. प्रिंटवर रॉयटर्सचं नाव नाही म्हणून शेरा येऊ शकतो. ही यादी तीच आहे असं एका ओळीचं टिपण आधीच लावून ठेवा. फॅक्टर कोणत्या वर्षाचा घेतला तेही रकान्यात लिहा. टोपोलॉजीची चांगली नियतकालिकंसुद्धा एकच्या आतबाहेरच असतात, कारण या आकड्यात आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांचेच संदर्भ मोजतात आणि आपल्या विषयात प्रमेयाला संदर्भ मिळायला त्याहून जास्त काळ जातो. रशियन गणिती पेरेलमनचे प्वांकारे अनुमानावरचे (टोपोलॉजीतला जवळजवळ शतकभर न सुटलेला प्रश्न) २००२-०३ चे लेख आर्काइव्ह या ऑनलाइन लेखसंग्रहावरच राहिले, नियतकालिकात गेलेच नाहीत. या तक्त्यात त्यांना शून्य.

एक महत्त्वाचं राहिलं, खरं तर आधी सांगायला हवं होतं: ११० गुण सहापैकी किमान तीन प्रकारांतून यावे लागतात. नुसते पेपर चालत नाहीत. पीएचडी मिळालेल्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे १० आणि प्रबंध सादर झाला असेल तर ५, राष्ट्रीय प्रकाशकाकडच्या पुस्तकाला १०, पुस्तकातल्या प्रकरणाला ५, राष्ट्रीय परिषदेतल्या व्याख्यानाला ३. व्याख्यानं मात्र भरमसाट दाखवून उपयोग नाही. ती आणि धोरणविषयक दस्तऐवज मिळून एकूण गुणांच्या ३० टक्क्यांवर धरत नाहीत.

यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली. जुना पेपर त्या यादीच्या भरवशावर दाखवत असाल तर त्या वेळची प्रिंट हाताशी हवी. ती नसेल तर झेडबीमॅथवर (गणिती लेखांच्या नोंदी आणि परीक्षणांचा ऑनलाइन संग्रह) पेपरची नोंद शोधा. २०२१ पासून ते सगळ्यांना मोफत आहे, आणि तिथे परीक्षण आलं असेल तर पेपरच्या झेरॉक्समागे तेच पान लावा.