वस्तीवरचं घर : चुना, जुनी लाकडं आणि मागावरून उतरलेल्या वस्तू

दक्षिण सोलापूर तालुक्यातलं आमचं वस्तीवरचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढं ओसरी आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. भिंती दगडमातीच्या, चांगल्या जाड. मागच्या नोंदीत माळवदाची गळती बंद केल्याचं लिहिलं होतं. आता आतलं काम काढलंय, आणि त्याला एक अट घातली आहे. घरात येणारी वस्तू हातानं केलेली किंवा आधी कुणीतरी वापरलेली हवी, शक्यतो याच भागातली हवी आणि तिला घरात काहीतरी काम हवं. नुसती बघायला ठेवायची वस्तू आणायची नाही. आपल्याकडं मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, धूळ बारमाही, आणि काळ्या रानातली वाळवी लाकूड कधी सोडत नाही. अशा हवेत जी वस्तू दोन पिढ्या टिकली, तिची पारख झालेली असते. म्हणून मी नवीन दुकानाच्या आधी जुना बाजार बघते.

सुरुवात भिंतींपासून केली, कारण भिंत नीट नसेल तर पुढचं सगळं वाया. आधीच्या कुणीतरी आतून ऑइलपेंट मारला होता. दगडमातीची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. ऑइलपेंटनं ती वाट बंद होते, मग रंगाला फुगे येतात आणि गिलावा मागून भुसभुशीत होतो. हा रंग खरवडताना एक काळजी घ्या. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं, म्हणून कोरडं घासू नका. भिंत ओली करून पत्र्यानं खरवडा, तोंडाला चांगला मास्क लावा, लहान मुलांना त्या दिवशी तिकडं फिरकू देऊ नका आणि खरवडलेला रंग गोळा करून बाजूला ठेवा, मातीत मिसळू देऊ नका.

त्यावर चुना. कळीचा चुना, म्हणजे भट्टीतून आलेला कोरडा चुना, आणून पिंपात पाण्यात विरवला. पाणी आधी घ्यायचं आणि कळी त्यात थोडी थोडी सोडायची, उलट करायचं नाही, कारण चुना उकळून अंगावर उडतो. डोळ्यांना चष्मा हवाच. विरलेला चुना जितके दिवस पाण्याखाली मुरेल तितका मऊ होतो. मग तो कापडातून गाळायचा, त्यात भिजवलेला डिंक घालायचा आणि शेवटी चिमूटभर नीळ. पातळ हात मारायचे, दुधापेक्षा थोडा दाट इतपतच. ओला असताना चुना भिंतीवर जवळपास दिसत नाही आणि नवखा माणूस घाबरून जाड थर देतो. वाळला की पांढरा उठतो. तो नुसता वाळत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू पुन्हा दगड होतो, आणि त्यासाठी त्याला ओल लागते. आपल्या उन्हात तो घाईनं सुकला तर बोटाला पांढरं लागत राहतं. म्हणून भिंत आधी पाण्यानं भिजवून, ऊन उतरल्यावरच हात मारला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हलकं पाणी शिंपडलं. खाली वीतभर गेरूचा पट्टा ओढला. कोनाडे मुद्दाम नुसते पांढरे ठेवले आहेत, कारण त्यात ठेवलेली पितळ त्या पांढऱ्यावर उठून दिसते.

आता लाकूड. सोलापुरात जुने वाडे पडताहेत आणि त्यांचं लाकूड वखारीत, भंगारात येतं: खांब, तुळया, चौकटी, जिन्याच्या पायऱ्या. नक्षीच्या दारामागं सगळे धावतात. मला साधी फळी जास्त मोलाची वाटते. जुनं सागवान ओळखायला कोपऱ्यात जरा रंधा मारून बघा. आतून सोनेरी तपकिरी रंग निघतो, हाताला तेलकट लागतं आणि चामड्यासारखा वास येतो. बाभळीचं लाकूड वजनालाच कळतं. फळीत बारीक भोकं दिसली तर घाबरू नका, पण ती जिवंत आहेत की जुनी, हे तपासा. फळी झाडून काळ्या कागदावर आठवडाभर ठेवायची. कागदावर ताजं पीठ पडलं तर कीड आत काम करतेय. टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक पावडर गरम पाण्यात विरघळवून ब्रशनं पाजलं की चांगला गुण येतो, पण लाकूड उघडं हवं. पॉलिशवरून मारलेलं पाणी आत जातच नाही.

एका जुन्या भिंतीतल्या कपाटाच्या दोन झडपा मिळाल्या. चौकट सडलेली, झडपा मात्र ठणठणीत. आमच्या सुतारमामांनी त्या हातात फिरवून बघितल्या आणि म्हणाले, "ताई, याला खिळा मारू नका ओ. खुंटीचं काम आहे, खुंटीवरच राहू द्या." सांधे सगळे लाकडी खुंट्यांचे. त्यांनी नवीन चौकट जुन्या तुळईच्या तुकड्यातून काढली आणि तीही खुंट्यांवरच जोडली. पॉलिशला मी जवसाचं तेल वापरते. पातळ हात, अर्ध्या तासानं जास्तीचं पुसून काढायचं, वाळू द्यायचं, परत. कच्चं तेल वाळायला फार दिवस घेतं, हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं लवकर वाळतं. आणि हे प्रत्येकानं लक्षात ठेवावं: जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती साठते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. वापरलेलं फडकं दोरीवर मोकळं पसरा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. आपल्या उन्हाळ्यात तर हे टाळूच नका.

या कपाटाच्या मुठी हा माझा सध्याचा सगळ्यात आवडता भाग आहे. सोलापूर शहराच्या पूर्व भागात, साखर पेठ-अशोक चौकाच्या बाजूला, अजूनही मागाचा आवाज ऐकू येतो. मागावर आडवा धागा इकडून तिकडं नेतो तो धोटा. बिनधोट्याचे माग आले तिथं जुने लाकडी धोटे पोत्यात पडून आहेत. ओळखीच्या एका विणकर अण्णांनी पोतं पुढ्यात ओतलं आणि म्हणाले, "घ्या की अक्का, पाहिजे तेवढे. आमचा हात लागलेला माल आहे, वाया जाणार नाही." धोटा एकदा निवांत बघा. होडीसारखा आकार, दोन्ही टोकांना पोलादी चोच, मधे धाग्याची कांडी बसायची खोबण आणि कडेला धागा बाहेर पडायला चिनी मातीचा बारीक डोळा. वर्षानुवर्षं ताण्यातून, म्हणजे उभ्या धाग्यांतून, इकडून तिकडं धावून लाकडाला जी चकाकी आली आहे, ती कुठल्या पॉलिशनं येत नाही. म्हणून त्याला मी तेलसुद्धा लावलं नाही, कोरड्या फडक्यानं पुसलं फक्त. खोबणीतून दोन स्क्रू, मागं लाकडी ठोकळे, आणि झडपेला आडवी मूठ तयार. हाताला ती इतकी बरोबर बसते की दार उगाच उघडावंसं वाटतं.

त्याच अण्णांकडून जॅकार्डचे जुने पत्ते आणले, म्हणजे मागावरचे भोकं पाडलेले पुठ्ठे. आपल्या चादरीवरची नक्षी या पत्त्यांवरून उतरते. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि आडव्या धाग्याच्या प्रत्येक फेरीला एक पत्ता पुढं सरकतो. जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ मध्ये फ्रान्समध्ये ही युक्ती मागावर बसवली आणि सोलापुरात तिच्यावर घरंच्या घरं उभी राहिली. पत्ते सुतळीनं एकमेकांना ओवलेले असतात, त्यामुळं लांबच लांब माळ होते. ती मी मधल्या दारावर, झरोक्यासमोर टांगली आहे. सकाळी ऊन आलं की शहाबादी फरशीवर ठिपके पडतात आणि पत्ते हलले की तेही सरकतात. माळ भिंतीला टेकू दिलेली नाही, तारेवर मोकळी आहे. पुठ्ठा भिंतीला चिकटला की वाळवीला आयतीच वाट मिळते.

चादरींबद्दल थोडं. भौगोलिक मानांकन मिळालेली सोलापुरी चादर सगळ्यांना माहीत आहे, पण तिची मागची बाजू फार थोडे लोक वापरतात. दोन रंगांच्या जॅकार्ड चादरीत पुढं लाल नक्षी पांढऱ्यावर असेल तर मागं तीच पांढरी नक्षी लालवर येते. सासूबाईंच्या पेटीत विरलेल्या जुन्या चादरी होत्या. मधला भाग गेलेला, काठाकडचा भाग भक्कम. काठांचे तक्क्यांचे अभ्रे शिवले, एक सुलट, एक उलट. एकाच चादरीचे दोन रंग शेजारी शेजारी बसले.

मधला विरलेला भाग गोधडीच्या पोटात गेला. वरून सासूबाईंची इरकल लुगडी, आत चादर आणि धोतरं. गोधडी त्या स्वतः घालताहेत, मी टाके शिकतेय. जमिनीवर थर अंथरून चारी कोपऱ्यांना दगड ठेवायचे, आधी मोठे कच्चे टाके घ्यायचे, मग कडेपासून धावदोरा घालत चौकोनात आत आत जायचं. मी मधूनच सुरू करणार होते तर त्या म्हणाल्या, "कडंनं ये, मधनं घेतलीस तर फुगवटा राहतो." अगदी खरं आहे, कडेनं आलं की कापड सरकत सरकत मधे सपाट बसतं. इरकलीचा पदर कापायचा नाही असं दोघींचं ठरलं आहे. तो सबंध, गोधडीच्या उशाकडं येईल.

घोंगडी सांगोल्याकडची आहे, दख्खनी मेंढीच्या लोकरीची, नैसर्गिक काळी. अरुंद पट्ट्या विणून मधे जोडतात, तो जोड मला झाकावासा वाटत नाही. विणताना ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, त्यामुळं नवी घोंगडी ताठ असते आणि टोचते. मी वापरलेली घेतली, ती आधीच मऊ झालेली आहे. पश्चिमेच्या भिंतीवर टांगली आहे, दुपारनंतर तापणारी भिंत तीच. खिळे ठोकून टांगू नका, वजनानं भोकं मोठी होतात. वरच्या कडेला कापडाची नळी शिवून त्यातून काठी घाला, म्हणजे भार सगळीकडं सारखा पडतो. महिन्यातून एकदा ऊन दाखवायचं, झटकायचं आणि मागं कडुलिंबाचा पाला ठेवायचा.

ओसरीवरचं बाजलं बाभळीचं आहे, चौकट पक्की, दोऱ्या कुजलेल्या. काथ्या काढून सुती नवार घातली. नवार आधी भिजवून वाळवा, आटायची ती आधीच आटते. उभ्या पट्ट्या पूर्ण ताणून घ्यायच्या, मग आडवी एक वरून एक खालून. पहिल्या आठवड्यात ती सैल पडतेच, तेव्हा परत ओढायची तयारी ठेवा आणि शेवटचं टोक लगेच कापू नका.

पितळ-तांब्याची भांडी मोडीच्या भावात, वजनावर मिळतात. एक तांब्याचं घंगाळ हात धुवायला ओसरीवर आहे. स्वयंपाकाला वापरणार असाल तर कल्हई करून घ्या, नाहीतर गरज नाही. लॅकर मारून कायमचं चकचकीत करण्याच्या मी विरुद्ध आहे. तो थर पोपडे धरतो आणि मग भांडं घासताही येत नाही. चिंच-मीठ पुरेसं आहे. फक्त घासायला अंगणात मातीवर बसा. शहाबादी फरशी चुनखडीची असते, चिंचेचं किंवा लिंबाचं पाणी पडलं की तिथली झिलई जाते आणि पांढुरका डाग राहतो. बाथरूम साफ करायचं ॲसिड तर तिच्या जवळपासही नको.

पुढची कामं: मृगाच्या आधी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा आहे, त्यामुळं गोधडी सोडून आतलं बाकी काम तोपर्यंत थांबेल. स्वयंपाकघरात मांडणी नाही, तिच्यासाठी जिन्याच्या सागवानी पायऱ्या बघून ठेवल्या आहेत, सुतारमामा मोकळे झाले की कापू. आणि हातमागाची जुनी फणी हवी आहे, ताण्याचे धागे जिच्यातून जातात ती, बोरूच्या काड्यांची, लोखंडी नको. चमचे-उलथणी अडकवायला तिचा दांडा वापरायचा विचार आहे. कुणाच्या घरी माळ्यावर पडली असेल तर आधी काड्या मोजून बघा, निम्म्याहून जास्त शाबूत असतील तर मी घेऊन जाईन.