जुना रॉड, जुन्या प्लेट्स: पुण्यात सेकंडहँड वेटलिफ्टिंगचं सामान घेताना

घरी लिफ्टिंगचा सेट उभा करायचा म्हणून मी चिंचवडकडच्या एका बंद होणाऱ्या जिममधून जुना माल उचलला. मालकाचा पहिला भाव ठरलेला असतो: "सगळं मिळून किलोवर घेऊन टाका." प्लेट्स किलोवर घ्यायला हरकत नाही, शेवटी ते बिडाचं लोखंड. रॉडचा भाव मात्र वेगळा करायचा, कारण पैसे खरे तिथेच लागतात आणि बुडतातही तिथेच.

सोबत टेप, व्हर्नियर (जाडी मोजायची पट्टी) आणि घरचा वजनकाटा नेला. ऑलिम्पिक रॉड पुरुषांचा असेल तर २० किलो, लांबी २.२ मीटर, धरायची जाडी २८ मिमी. महिलांचा १५ किलो, २.०१ मीटर, २५ मिमी. स्लीव्ह, म्हणजे टोकाची प्लेट्स चढवायची फिरती नळी, दोन्हींची ५० मिमी. रॉड हातात धरून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. बऱ्याच जिममध्ये असतो तो लोकल रॉड: एकच सळई, टोकं २८-३० मिमी, फिरणारी स्लीव्ह नाही. त्यावर डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरून रॉड उचलून सरळ उभं राहणं, चालते. क्लीन (झटक्यात खांद्यापर्यंत) किंवा स्नॅचमध्ये (एका दमात डोक्यावर) प्लेट्सचा फिरण्याचा जोर थेट मनगटात येतो.

बाक तपासायला रिकामा रॉड रॅकच्या (रॉड ठेवायच्या स्टँडच्या) हुकांवर ठेवून मधला दांडा सावकाश फिरवा आणि एका टोकामागे भिंतीवरची एखादी रेघ धरून बघा. टोक रेघेच्या वर-खाली डोलत असेल तर रॉड वाकलाय. मालक म्हणेल, "सरळ करून देतो." नको. एकदा वाकलेला दांडा वजनाखाली पुन्हा त्याच जागी वाकतो. मग स्लीव्ह: हाताने फिरवली की दोनेक गिरक्या घेऊन निवांत थांबायला हवी. करकर आवाज म्हणजे आत घाण किंवा झिजलेली बुश (जिच्यावर स्लीव्ह फिरते ती कडी). टोकाला स्लीव्ह अडकवून ठेवणारी सर्क्लिप सैल असेल तर ती नवी बसते, त्यासाठी सौदा मोडू नये. क्रोम पापुद्र्यांनी सुटलेला रॉड मात्र सोडून द्यावा, ते पापुद्रे तळहात कापतात.

प्लेट्सवर छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. लोकल ओतकामात '२०' लिहिलेली प्लेट १९ च्या खालीही भरते. प्रत्येक प्लेट तोलून खरं वजन मागच्या बाजूला ऑइल पेंटने लिहिलं आणि जोड्या त्यावरून लावल्या, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. ३० मिमी भोकाच्या प्लेट्स ऑलिम्पिक स्लीव्हवर बसाव्यात म्हणून लेथवर ५०.५ पर्यंत मोठ्या करता येतात, भोसरीत लेथवाल्यांना तोटा नाही. पण ३ सेंमी जाड प्लेटमागे पाव किलोहून थोडं जास्त बीड उडतं, आणि लहान प्लेटच्या मधे तेवढं मांसच नसतं.

रबर चढवलेली प्लेट म्हणजे बंपर (वरून आपटता येणारी रबरी प्लेट) नव्हे. खऱ्या बंपरचा व्यास १० किलोपासून २५ किलोपर्यंत ४५० मिमीच असतो. मधल्या भोकातली स्टीलची बुश अंगठ्याने दाबून हलवा. हलली तर पुढच्या काही आपटण्यांत ती बाहेर येणार.

रॅकला फक्त वेल्डिंग बघितलं. पायाच्या कोपऱ्यात रंगावर केसासारखी तडा दिसली की पुढे बघायचं नाही.

छोटा हत्ती टेम्पोचा हौदा साधारण ७ फुटांचा, त्यामुळे रॉड तिरपा टाकावा लागतो. प्लेट्स आडव्या, खाली गोणपाट. सोसायटीच्या लिफ्टमध्ये रॉड उभा किंवा तिरका मावेल का, ते घरूनच मोजून निघा. खोलीचंही तसंच: १० फुटांच्या खोलीत रॉड ठेवला की दोन्ही बाजूंना जेमतेम ४२ सेंमी उरतात. प्लेट सरकवताना कोपर भिंतीला घासतं, म्हणून मी रॅक लांब बाजूला लावला.

पावसाळ्यात पार्किंगमध्ये पडलेल्या मालाला गंज असतोच. बिडाच्या प्लेट्स रात्रभर व्हिनेगरमध्ये, मग तारेचा ब्रश, सोड्याच्या पाण्याने धुणं, लगेच उन्हात वाळवणं आणि रंग. रॉडला तारेचा ब्रश लावू नका, पितळी ब्रश आणि मशीन ऑइल पुरतं. उरलेलं तेल फडक्याने पूर्ण पुसा, नाहीतर पकड सुटते. स्लीव्हच्या फटीत दोन-तीन थेंब त्याच तेलाचे. ग्रीस भरू नका, धूळ धरून घट्ट झालं की स्लीव्ह फिरायचीच थांबते.