बोटीवरून उतरून कोयना एक्सप्रेस गाठायची तर

क्रूझचं बुकिंग झाल्याचं कळल्यावर साताऱ्यात ज्याने त्याने एकच विचारलं, "परत येताना मुंबईत मुक्काम करणार ना?" बोटीतून उतरून त्याच सकाळी रेल्वे पकडायची, हे कुणाला पटतच नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी अण्णांना डॉक्टरांची वेळ मिळाली होती. ती हुकली असती तर पुन्हा महिनाभर थांबावं लागलं असतं. शिवाय आई-अण्णांच्या वयाला गाडीतून घाटात तासन् तास अवघडून बसण्यापेक्षा कोयना एक्सप्रेस केव्हाही बरी. सीएसएमटीहून सकाळी ८.४० ला सुटते आणि कुठेही न बदलता थेट साताऱ्यात उतरवते. बोट सहाच्या सुमारास बॅलार्ड पियरच्या धक्क्याला लागणार होती. हे जमतं का आणि जमवायचं कसं, हे आम्हाला आधी कुठे नीट वाचायला मिळालं नव्हतं, म्हणून जरा तपशिलात लिहिते आहे.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की असावी. वेळापत्रकात जी वेळ छापलेली असते ती बोटीची असते, आपली नसते. बंदराबाहेर पायलट बोटीवर चढतो. तो तिला खाडीतून आत आणतो, टगबोटी तिला हळूहळू धक्क्याशी लावतात, जाडजूड दोर खुंटांना बांधले जातात, शिडी लागते, कागदपत्रांचं पाहिलं जातं आणि मग कुठे माणसं सोडायला सुरुवात होते. तीही टप्प्याटप्प्याने. आदल्या रात्री प्रत्येकाला रंगीत टॅग मिळतात. ते लावून बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या. रात्रीतून त्या गोळा होतात, सकाळी टर्मिनलमध्ये मांडल्या जातात आणि मग एकेका रंगाला पुकारतात. बोटीवर हजाराच्या वर माणसं असतात. आपला रंग शेवटचा निघाला, तर कोयना कल्याण ओलांडून गेलेली असते.

म्हणून ज्यांना सकाळची गाडी गाठायची आहे त्यांनी बॅगा बाहेर ठेवूच नयेत. आपलं सामान आपण घेऊन उतरणाऱ्यांना पहिल्यांदा सोडतात. आम्ही आदल्या दिवशी दुपारीच रिसेप्शनवर जाऊन गाडीची वेळ सांगितली आणि तिकीट दाखवलं. तिथल्या मुलीने आमची नावं पहिल्या गटात लिहून घेतली. बोटीवरच्या खर्चाचं बिलही रात्रीच भागवून टाकलं. सकाळी त्या खिडकीपुढे जी रांग लागते ती बघितल्यावर या एका गोष्टीचं महत्त्व फार जाणवलं. सामानही बेताचंच ठेवलं होतं, तिघांच्या मिळून चाकांच्या तीन बॅगा आणि आईची कापडी पिशवी. ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी हे घरून निघतानाच ठरवावं, कारण बोटीवर खरेदी होते आणि शेवटच्या रात्री चौथी पिशवी कुठून तरी उगवतेच.

पहाटे पाचलाच आम्ही वरच्या डेकवर होतो. गोव्याकडून येणारी बोट मुंबईत शिरते तेव्हा उजव्या हाताला थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी किल्ला दिसतो. रायगड जिल्ह्याच्या डोंगरांमागून उजाडत होतं आणि पुढ्यात ते बेट काळंभोर उठून दिसत होतं. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये इथे तटबंदीचं काम सुरू केलं ते मुंबईच्या इंग्रजांच्या नाकावर टिच्चून. इंग्रजांनी ते थांबवायला आरमार आणलं, सिद्दी शेजारच्या उंदेरीवर येऊन बसला, तरी खांदेरी उभा राहिला. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत महाराजांचे जे किल्ले गेले त्यात हाही आहे. जमिनीवरून अलिबागला जाऊन तो पाहिला होता. पण मुंबईच्या तोंडावर नेमका कुठे बसला आहे, हे समुद्राकडून येताना जसं कळतं तसं जमिनीवरून कळत नाही. मुंबईत शिरणाऱ्या प्रत्येक गलबतावर इथून नजर राहणार, एवढं साधं आणि एवढं मोठं ते गणित आहे.

पुढे डावीकडे कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्ज दीपस्तंभ, मग ताज आणि गेटवे. अण्णा कठड्याला धरून उभे होते आणि एकेक ओळखून सांगत होते. आई मात्र गप्प होती. तिचं माहेर जयगडजवळ. लहानपणी ती कोकण बोटीने मुंबईला यायची आणि भाऊच्या धक्क्याला उतरायची. तेव्हा जयगडला बोट किनाऱ्याला लागत नसे, खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं मचव्यातून तिच्यापर्यंत जायची. पावसाळ्यात तर सेवा बंदच. तिचे वडील गिरणीत कामाला होते आणि शाळेला सुट्टी लागली की त्यांच्याकडे यायचं, ही तिची मुंबई. बोटीवरून ट्रेन गाठणं हे आज आपल्याला परदेशवारीसारखं वाटतं, पण कोकणातल्या कितीतरी घरांत ही अगदी रोजच्या व्यवहारातली गोष्ट होती. धक्क्यावर उतरायचं, ट्रंक डोक्यावर घ्यायची आणि डॉकयार्ड रोडला नाहीतर मशीदला जाऊन लोकल धरायची.

बोट लागली ठरल्या वेळेच्या जवळपासच. त्यानंतरचा वेळ मात्र कठीण गेला. आम्ही पहिल्या गटाच्या जागी सामानासह बसलो होतो आणि शिडी उघडायची घोषणा होत नव्हती. सात वाजले, सव्वासात झाले. कारण कुणीच सांगत नव्हतं. अशा वेळी एवढं तरी सांगावं, असं मला फार वाटतं. पाच मिनिटांचा उशीर असो की तासाचा, माणूस त्याप्रमाणे पुढचं ठरवू शकतो. मी मनात दुसरा रस्ता तयार ठेवला होता. कोयना गेलीच, तर दादरहून शिवनेरीने पुणं आणि स्वारगेटवरून साताऱ्याची एसटी. ज्यांना त्याच दिवशी घर गाठायचं आहे त्यांनी असा दुसरा रस्ता आधीच ठरवून ठेवावा. ऐन वेळी फोनवर शोधत बसलं की आई-वडिलांच्या जिवाला घोर लागतो.

साडेसातला शिडी उघडली. भरती होती की काय, उतार भलताच तिरका वाटत होता आणि लोखंडी पट्ट्यांवर दवाचा ओलावा होता. शिडीच्या डोक्याशी पांढऱ्या गणवेशातला एक तरुण मुलगा उभा होता. आईने नेसूचं पातळ एका हाताने वर धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने ती कठडा चाचपत होती. त्याने बॅग आपल्याकडे घेतली आणि म्हणाला, "आजी, हात द्या माझ्या हातात. खाली बघू नका, माझ्याकडे बघा." बोलण्यातला हेल ऐकून आईने तिथेच, शिडीच्या मध्यावर विचारलं, "खंयचो रे तू?" मुलगा मालवणचा निघाला. मागे रांग खोळंबली होती, पण कुणी काही बोललं नाही. खाली पोचल्यावर तो वाकून तिच्या पाया पडला आणि पुन्हा वर धावला. पुढचा अर्धा तास आईला कशाचीच काळजी वाटत नव्हती.

देशांतर्गत प्रवास असल्याने इमिग्रेशनचा प्रश्न नव्हता. ओळखपत्र हाताशी ठेवावं, गेटवर सुरक्षारक्षक बघतात. बंदराच्या हद्दीत वाटेल तशी टॅक्सी शिरत नाही, त्यामुळे बाहेर येऊनच टॅक्सी धरायची. इथून सीएसएमटी जेमतेम दीड किलोमीटर. तरणीताठी माणसं बॅग ओढत वीस-पंचवीस मिनिटांत चालत जातील. अण्णांच्या गुडघ्यांमुळे आम्हाला टॅक्सी हवी होती. पहिल्या दोघांनी अंतर ऐकून मान हलवली. तिसरे काका वयस्कर होते. "चला, बसा. म्हातारी माणसं आहेत, सोडतो," म्हणाले. मीटरचं किमान भाडं ३१ रुपये. त्यांनी तेवढेच मागितले, जास्त देऊ केले तर घेईनात.

बॅलार्ड इस्टेटच्या त्या सरळ रेषेतल्या, एकसारख्या उंचीच्या दगडी इमारतींमधून जाताना अण्णांनी जे सांगितलं ते इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. ज्या अंतरासाठी आम्ही टॅक्सी शोधत होतो, ते अंतर एके काळी प्रवाशाला कापावंच लागत नव्हतं. बॅलार्ड पियर मोल नावाचं रेल्वे स्टेशन थेट धक्क्यावर होतं. विलायतेची डाक घेऊन बोट आली की डाक आणि माणसं समोर उभ्या असलेल्या गाडीत चढायची. १ सप्टेंबर १९२८ ला सुरू झालेली फ्रंटियर मेल हिवाळ्याच्या महिन्यांत इथूनच पेशावरकडे निघत असे. १९४४ मध्ये ते स्टेशन बंद झालं. फ्रंटियर मेल आज गोल्डन टेंपल मेल या नावाने मुंबई सेंट्रलहून अमृतसरला जाते. याच बॅलार्ड पियरवर २८ डिसेंबर १९३१ ला दुसऱ्या गोलमेज परिषदेहून परतलेले गांधीजी उतरले.

ते सगळं राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी होतं, हे खरंच. पण बोट आणि रेल्वे यांनी एकमेकींची वेळ बघून चालावं, ही कल्पना त्यांच्याबरोबर जायला नको होती. आता इंदिरा गोदीजवळ मोठं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल उभं राहिलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि वर्षाला दहा लाख प्रवाशांचा विचार करून ते बांधलं आहे. या दहा लाखांत सातारा-सांगलीची, नाशिक-जळगावची, सोलापूरची माणसं असणारच. टर्मिनलच्या दाराशी सीएसएमटीच्या गाड्यांचा एक फलक आणि स्टेशनपर्यंत एक छोटी बस, एवढं झालं तर किती कुटुंबांचा मुंबईतला मुक्काम वाचेल. माझी ही मनापासूनची मागणी आहे.

टॅक्सीवाल्या काकांनी आणखी एक मोठं काम केलं. "मेल गाडी आहे ना? मग पुढच्या बाजूला कशाला जाता," म्हणत त्यांनी जीपीओच्या, म्हणजे मोठ्या टपाल कार्यालयाच्या, मागून पी. डिमेलो रोडने नेऊन अठरा नंबर प्लॅटफॉर्मकडच्या दाराशी सोडलं. हे नीट लक्षात ठेवा. सीएसएमटीवर एक ते सात लोकलचे प्लॅटफॉर्म आणि आठपासून पुढे लांब पल्ल्याच्या गाड्यांचे. मुख्य इमारतीच्या बाजूने शिरलं तर ऑफिसच्या वेळेला लोकलमधून उतरणारा लोंढा अंगावर येतो. सामान आणि म्हाताऱ्या माणसांसकट त्यातून वाट काढणं कठीण. डिमेलो रोडच्या बाजूने तो लोंढा लागत नाही, भुयारी मार्गाच्या पायऱ्याही नाहीत. मात्र स्टेशनच्या पुनर्विकासाचं काम चालू आहे, तेव्हा त्या दिवशी कुठलं दार उघडं आहे ते टॅक्सीवाल्याला विचारूनच घ्यावं.

जाताना जीपीओचा घुमट आईला दाखवला. विजापूरच्या गोलघुमटाच्या धर्तीवर बांधलेला, १९१३ मध्ये पूर्ण झालेला. अण्णा विजापूरला नोकरीत होते, त्यामुळे त्यांना तो बघून हुरूप आला आणि गाडी सुटायला थोडाच वेळ उरलेला असताना ते थांबून बघायला लागले. मी त्यांना, "अण्णा, चला हो, डबा पुढे आहे," म्हणत आत नेलं.

गाडी लागलेलीच होती. आमचा डबा इंजिनाकडे असल्याने बरंच चालावं लागलं. पाणी घेतलं, चहा घेतला, बसलो, आणि ८.४० ला गाडी हलली. अण्णा मशीद यायच्या आत झोपले.

कर्जतला घाट चढवायला मागून बँकर इंजिनं लावतात. बोरघाटाचा चढ सदतीसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, एकट्या इंजिनाला झेपत नाही, त्यामुळे तिथे गाडी थांबते आणि वडे येतात. समोर कराडचे एक काका-काकू बसले होते. आम्ही बोटीवरून आलो म्हटल्यावर त्यांनी खोदून खोदून विचारलं. त्यांनाही दिवाळीनंतर जायचं होतं, पण काकूंना मुंबईत नातेवाइकांकडे उतरायचा संकोच होता. अण्णांनी जागे होऊन वर्तमानपत्राच्या समासात सगळं लिहून दिलं, बिल रात्री भागवा, बॅगा बाहेर ठेवू नका, डिमेलो रोडचं दार, गाडी ८.४०. काकूंचा एकच प्रश्न उरला, उतरताना शिडीची भीती वाटते का.

"वाटते," आई म्हणाली. "पण हाताला धरायला पोरं असतात. त्यांना गाव विचारा."