थ्री-फिफ्टीनचा दस्ता आणि जवसाचे तेल

जुन्या लष्करी रायफलींच्या नव्या प्रतिकृती विकत घेणे आणि त्या आपल्या हाताला, खांद्याला, डोळ्याला जुळवून घेणे हा छंद अमेरिकेत फार वाढलेला आहे. तिथल्या सरकारी स्प्रिंगफील्ड शस्त्रशाळेचे दरवाजे १९६८ साली बंद झाले. पुढे तेच नाव घेऊन उभ्या राहिलेल्या एका खासगी कंपनीने १९७४ पासून अमेरिकी लष्कराच्या एम-१४ रायफलीची नागरी आवृत्ती ‘एम-१-ए’ या नावाने विकायला सुरुवात केली. हे सर्व वाचताना आपल्याकडच्या माणसाला वाटते की हा परक्या मुलखाचा विषय आहे. मला तसे वाटत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या धानपट्ट्यातल्या परवानाधारकाच्या घरी जी ‘थ्री-फिफ्टीन’, म्हणजे ०.३१५ बोरची (नळीच्या आतल्या मापाची), बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्याची स्पोर्टिंग रायफल असते, तीसुद्धा एका नामांकित लष्करी रायफलीची नागरी बहीणच आहे.

तिची यंत्ररचना ली-एनफिल्डची आहे. दोन महायुद्धांत इंग्रजी फौजेने आणि तिच्यातल्या भारतीय पलटणींनी वापरलेली, आणि नंतर पोलिसांच्या खांद्यावर आपण लहानपणापासून पाहिलेली ‘थ्री-नॉट-थ्री’ ती हीच. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर तिला अगदी अलीकडे, २०२० च्या प्रजासत्ताकदिनी, समारंभपूर्वक निरोप दिला. इंग्रज सरकारला लष्करी काडतूस नागरिकांच्या बंदुकीत चालायला नको होते. म्हणून ऑस्ट्रियाच्या आठ मिलिमीटर मॅनलिखर काडतुसावरून नागरी वापरासाठी ०.३१५ हे वेगळे माप रूढ झाले. स्वातंत्र्यानंतरही ती भिंत तशीच राहिली आणि ०.३०३ व ७.६२ मिलिमीटर ही मापे आजही सामान्य परवान्यात बसत नाहीत. मात्र बोल्टचा, म्हणजे काडतूस नळीत सारून मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याचा, स्वभाव बदललेला नाही. तो मागे ओढताना हलका असतो आणि पुढे ढकलताना स्प्रिंगचा जोर जाणवतो, कारण या घराण्यातली रायफल बोल्ट बंद होताना सज्ज होते. मौझर घराण्याची रायफल हाताळलेल्या माणसाला हे आरंभी अवघडल्यासारखे वाटते. मला तर तीच या रायफलीची खरी ओळख वाटते.

अशा रायफलीत काय बदलावे याविषयी माझे मत ठाम आहे. जे आपल्या शरीराला लागते ते बदलावे; जे गोळीला लागते त्याला हात लावू नये. दस्ता (खांद्याला टेकणारा लाकडी भाग), त्याची लांबी, पट्टा, लाकडावरचा तेलाचा हात हे आपले क्षेत्र. नळी, चेंबर (काडतूस बसते ती जागा), बोल्ट, चापाचे आतले भाग हे कारखान्याचे आणि परवानाधारक बंदूक-कारागिराचे. १९५९ चा शस्त्र अधिनियम नळी आखूड करण्याला किंवा शस्त्राचे रूपांतर करण्याला परवानगीवाचून मनाई करतो. पण कायदा तसा नसता तरी मी हीच रेघ ओढली असती, कारण या रायफलीचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो, तिची सारी मापे त्या रचनेला धरून आहेत आणि त्यांत हौसेने ढवळाढवळ करण्यासारखे काही नाही.

दस्त्याच्या बाबतीत मात्र मूळ रचनाच उदार आहे. ली-एनफिल्डचे लाकूड एकसंध नसते. पुढचा भाग नळीखाली बसतो आणि मागचा दस्ता एका लांब बोल्टने (हा निराळा, आवळायचा स्क्रू) लोखंडी खोबणीत आवळलेला असतो. त्यामुळे नळीची बैठक न हलवता दस्ता बदलता येतो. फौजेनेही याचा उपयोग करून घेतला होता. साध्या मापाखेरीज लांब, आखूड आणि त्याहूनही आखूड ‘बँटम’ असे दस्ते तयार होत, त्यांच्यात अर्ध्या-अर्ध्या इंचाचा फरक असे आणि शिपायाच्या हाताच्या लांबीप्रमाणे ते बसवले जात. म्हणजे रायफल माणसाला जुळवून घेणे ही आजच्या छंदिष्टांची कल्पना नव्हे. इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. जुन्या लष्करी नमुन्यात दस्त्याच्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड आधी न उतरवता मागून पेचकस फिरवला तर ते लाकूड चिरते. आपल्या हातातली रायफल नेमकी कोणत्या रचनेची आहे हे कारागिराकडून समजून घेतल्याखेरीज तो बोल्ट फिरवू नये.

माझ्या वडिलांची उंची माझ्यापेक्षा कमी होती आणि त्यांच्या मापाचा दस्ता माझ्या खांद्याला आखूड पडत होता. सागाच्या मुलखात राहून मी नव्या दस्त्यासाठी अक्रोडाचे लाकूड मागवले, याचे गावात अनेकांना नवल वाटले. साग दारा-खिडक्यांसाठी उत्तम. पण तो रेषेच्या दिशेने लवकर फाटतो आणि धक्का पचवण्यात अक्रोडाची बरोबरी करत नाही. लाकूड निवडताना आमच्या सुतारकाकांनी एकच गोष्ट पाहिली. “रेषा मुठीपाशी आडवी गेली का तिथूनच फाटते, भाऊ,” असे म्हणून त्यांनी दोन फळ्या बाजूला ठेवल्या. त्यांनी जुन्या दस्त्यावरून फक्त आकार काढला. रायफल त्यांच्या हाती दिली नाही, कारण परवान्यातले शस्त्र परवाना नसलेल्याकडे सोपवता येत नाही. खोबणीतली बारीक जुळवणी नागपूरच्या परवानाधारक कारागिराने केली.

खरा आनंद तेलात आहे. या घराण्यातल्या रायफलींच्या लाकडाला पूर्वीपासून कच्चे जवसाचे तेल लावले जाई, आणि जवस तर आमच्या उभ्या धानात उतेऱ्याने पेरले जाणारे पीक! बाजारातल्या ‘उकळलेल्या’ तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. मला कच्चेच आवडते. घाण्यावरचे तेल आधी निवळू द्यावे, म्हणजे त्यातला चिकट गाळ तळाशी बसतो. मग बोटाने अगदी थोडे घेऊन तळहाताने घासावे, तळहात गरम होईपर्यंत, आणि वर राहिलेले पुसून टाकावे. जाड थर दिला तर तो महिनोन्‌महिने चिकट राहतो. हे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, म्हणून दमट पावसाळ्यात हे काम रेंगाळते आणि आमच्या कोरड्या चैत्र-वैशाखात चांगले होते. दस्ता सावलीत ठेवावा. मात्र त्याच कारणाने तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. घट्ट होताना त्यातून उष्णता निघते आणि चुरगळलेला बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात तर हा धोका कुणी हसण्यावारी नेऊ नये. बोळे पाण्यात बुडवावेत किंवा बाहेर मोकळे पसरून वाळवावेत. हे तेल लोखंडाला लावू नये. तिथे त्याचा गोंद होतो. बोल्ट आणि नळीसाठी बंदुकीचे तेलच वापरावे.

नेम धरण्यासाठी नळीच्या टोकाशी असलेल्या माशीला मी काही केलेले नाही आणि दुर्बिणीसाठी छिद्रे पाडण्याच्या तर मी विरोधात आहे. साधा रुंद कातडी पट्टा मात्र जरूर घ्यावा.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवान्यावर दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा झाला आहे. त्यामुळे आपल्याकडे तिकडच्यासारखा संग्रह होणार नाही. असलेल्या एका रायफलीवरच जीव लावावा लागतो. निवडणुकीच्या काळात ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागली तर जमा करण्याआधी नळी आतून-बाहेरून तेलाने पुसावी आणि कापडी पिशवीत द्यावी. रेक्झिनच्या पिशवीत दमटपणा कोंडतो. वडिलांचा मूळ दस्ता मी पितळी पट्टीसह जपून ठेवला आहे, आणि माझ्यानंतर ज्याच्या नावावर परवाना होईल त्याच्या खांद्याला तो आखूड दस्ता बसत असेल तर त्याने तोच परत चढवावा असे मी घरात सांगून ठेवले आहे.