बटण दिसेना, त्याची गोष्ट
आज सकाळी नेरच्या शाखेतून तेथील लिपिक ताईंचा फोन आला. संगणकविषयक तक्रारी स्वतः नोंदवण्याच्या सेल्फ-सर्व्हिस पोर्टलवर त्यांचे लॉगिन होत होते, पण ‘नवीन विनंती’ हे बटणच दिसत नव्हते. त्यामुळे बंद पडलेल्या प्रिंटरची तक्रार नोंदवता येत नव्हती आणि कापसाच्या ऐन हंगामात शेतकरी पावतीसाठी काउंटरसमोर ताटकळत उभे होते.

त्यांना सरसकट अ‍ॅडमिनचे अधिकार देऊन मोकळे व्हावे, असे एका सहकाऱ्याने सुचवले. मला ते मुळीच पटले नाही. कामापुरताच अधिकार द्यावा, हे तत्त्व संगणकशास्त्रज्ञ सॉल्टझर आणि श्रोडर यांनी १९७५ मध्येच मांडून ठेवले आहे.

कुणाला काय दिसावे हे त्याचे खाते कोणत्या गटात आहे त्यावर ठरते, म्हणून ताईंच्या खात्याचा एकेक गट तपासला. दारव्ह्याहून बदली झाली तेव्हा जुन्या शाखेच्या गटातून त्यांचे नाव निघाले, पण नव्या गटात ते कुणी घातलेच नव्हते. मी ते घातले, तरी बटण दिसेना. इथे पाऊण तास गेला. विंडोजमध्ये वापरकर्त्याच्या गटांची यादी लॉगिनच्या वेळीच टोकनमध्ये, म्हणजे त्या सत्राच्या ओळखपत्रात, भरली जाते, त्यामुळे नंतरचा बदल चालू सत्राला कळत नाही, आणि ताई तर सकाळपासून संगणक केवळ लॉक करून उठत होत्या.

“ताई, पूर्ण साइन आउट करून पुन्हा आत या,” असे सांगितले. दोन मिनिटांनी पलीकडून आवाज आला, “दिसून राह्यलं जी भाऊ आता!”

बदलीच्या आदेशासोबतच गटबदलाची नोंद व्हावी, असे मी संध्याकाळी वरिष्ठांना लेखी कळवले आहे.