मालक, मॅनेजर आणि एक पौंड

आज तलावपाळीवर आमची फॉर्म्युला वनची मंडळी जमली आणि विषय ड्रायव्हरवरून थेट मालकांवर घसरला. मी होंडाच्या टीमचा प्रमुख असलेल्या रॉस ब्रॉनचा भक्त! डिसेंबर 2008 मध्ये होंडाने या शर्यतींतून अंग काढून घेतलं, या माणसाने टीम एका पौंडात घेतली, 2009 ची ड्रायव्हर आणि टीम अशी दोन्ही विजेतेपदं जिंकली आणि वर्षअखेर ती मर्सिडीजला विकली. ‘पण शेकडो लोकांच्या नोकऱ्या गेल्या रे,’ भेळेचा कागद चुरगळत मित्र म्हणाला. खरंय, त्याची हळहळ वाटतेच. म्हणूनच 2018 मध्ये दिवाळखोरीच्या दारात पोचलेली फोर्स इंडिया ही टीम कॅनडाचा उद्योगपती लॉरेन्स स्ट्रोल याच्या गटाने उचलली, तिथल्या सुमारे 400 जणांची रोजीरोटी टिकली, हे मला कुठल्याही पोडियमपेक्षा मोठं वाटतं. पुढच्या रविवारी टीमच्या खर्चमर्यादेवर बोलायला बसायचंय. ठाणेकरांनो, या!